शेजारच्या टॉवरच्या खोदाईबाबत अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य

विषय : ना हरकत पत्राच्या मसुद्यात पाणीउपसा व मोजमापांच्या अटी घालण्याबाबत

महोदय,

शेजारी तीन तळघरे, खाली दुकाने आणि वर सदनिका असा टॉवर होणार आहे. आपल्या मसुद्यात धूळ, आवाज आणि कामाच्या वेळा आहेत. पाणीउपशावर एक ओळही नाही, आणि आपल्या इमारतीला सगळ्यात मोठा धोका त्याचाच आहे.

दहा मीटर खोदायचे तर भूजल त्याहून खाली ठेवावे लागते. पंप आपल्या फुटिंगखालचे (कॉलमांच्या पायाखालचे) पाणीही ओढतात. मातीतल्या पाण्याचा दाब उतरला की तो भार मातीच्या कणांवर येतो आणि माती दबते. सगळीकडे सारखी दबली तर फारसे बिघडत नाही. पण खड्ड्याकडची बाजू जास्त बसते, म्हणून दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरके तडे जातात.

नकाशात खड्ड्याच्या कडेने माती धरायला कंटिग्युअस पाइल, म्हणजे शेजारी-शेजारी ओतलेले काँक्रीटचे खांब, आहेत. दोन पाइलांमध्ये फट राहते आणि तिच्यातून पाण्याबरोबर बारीक वाळू निघून येते. दुसऱ्या प्रकारचे, सिकंट पाइल एकमेकांत कापून बसतात, पाणी बरेच अडते. ते महाग पडतात, तेव्हा विकासक कुरकुर करणारच; निदान फटींमागे ग्राउटिंग (सिमेंटचे पातळ मिश्रण दाबाने भरणे) तरी लिहून घ्यावे. उपशाचे पाणी टाकीत निवळू द्यावे आणि तळाशी किती गाळ बसला ते रोज लिहावे. गाळ वाढला, तर माती कुठून तरी निघते आहे.

राफ्ट, म्हणजे तळघराखालचा सलग जाड पाया, टाकल्यावर उपसा लगेच थांबत नाही. राफ्टखाली नऊ मीटर पाण्याचा दाब म्हणजे दर चौरस मीटरला नऊ टन वरचा रेटा. दीड मीटर जाडीच्या राफ्टचे वजन दर चौरस मीटरला पावणेचार टन. उरलेले सव्वापाच टन वरच्या स्लॅबांनी भरायचे, म्हणजे साधारण पाच-सहा स्लॅब पडेपर्यंत पंप चालू. त्याआधी बंद केले तर तळघर उचलले जाऊ शकते. त्यामुळे मसुद्यातली 'खोदाई संपेपर्यंत' ही मुदत पुढे सुचवलेल्या मोजमापांना पुरणार नाही.

खोदाईच्या काही आठवडे आधीच प्रत्येक सदनिकेतले तडे फोटो व रुंदीसह नोंदवावेत, जुन्या तड्यांवर मोजपट्ट्या आणि बाहेरच्या कॉलमांवर लेव्हलच्या खुणा लावाव्यात. कुंपणालगत भूजलाची पातळी दाखवणारे पिझोमीटर आणि पाइलमध्ये ते किती झुकले हे दाखवणारे इन्क्लिनोमीटर हवेत. सावध होण्याचा आणि काम थांबवण्याचा आकडा आपल्या स्ट्रक्चरल अभियंत्याने आधीच ठरवावा. रीडिंग त्याच दिवशी आपल्याला मिळावे.

पाइल धरायला ग्राउंड अँकर (मागच्या जमिनीत तिरक्या रोवलेल्या पोलादी तारा) वापरले तर ते आपल्या जमिनीखाली येतील. नंतर आपल्याला बोअर घेताना वा पुनर्विकास करताना ते आडवे येतात, म्हणून खड्ड्याच्या आतून स्ट्रट (आडवे टेकू) लावायला सांगावे.

दुकानांच्या आणि सदनिकांच्या कॉलमांची जागा जुळत नाही, तिथे वरचा भार खालच्या कॉलमांवर वळवणारा जाड ट्रान्सफर स्लॅब येतो. तीनशे घनमीटरचा स्लॅब म्हणजे काँक्रीटच्या सहा घनमीटरच्या पन्नास गाड्या, मध्ये न थांबता. त्या रात्रीसाठी वेळेची सूट द्यावी, पण गाड्या आपल्या फाटकासमोर उभ्या राहू नयेत. टॉवर क्रेनचा दांडा बंद असताना वाऱ्याबरोबर मोकळा फिरतो, त्याला आडकाठी नको. क्रेनने उचललेला भार मात्र आपल्या हद्दीवरून कधीही जाऊ नये.

हे मुद्दे मसुद्यात येईपर्यंत सही करू नये आणि विषय येत्या सभेत घ्यावा, ही विनंती.

आपला,
एक सभासद