किलार्नीची घोडागाडी: छापलं एक आणि दिलं भलतंच

नमस्कार,

तुमच्या आयर्लंड टूरवर आम्ही सासूबाईंना घेऊन आलो होतो. बाकी हॉटेलं, जेवण वगैरे ठीक होतं, त्यात जात नाही, तक्रार फक्त किलार्नीच्या दिवसाची आहे.

तुमच्या माहितीपत्रकात स्पष्ट छापलंय की गॅप ऑफ डनलो या खिंडीतून घोडागाडीने जायचं, पलीकडे लॉर्ड ब्रँडन्स कॉटेजला उतरायचं आणि तिथून बोटीने तिन्ही तलाव ओलांडून रॉस कॅसलला यायचं. वर फोटो जुन्या दोन चाकी जॉन्टिंग कारचा, म्हणजे ज्यात लोक पाठीला पाठ लावून रस्त्याच्या कडेला तोंड करून बसतात, पाय चाकाबाहेरच्या फळीवर. आयर्लंडमध्ये घोडागाड्यांची प्रवासी सेवा उभी करणाऱ्या बियानकोनीने 1815 मध्ये क्लॉनमेल ते काहिर या गावांदरम्यान प्रवासी नेणं सुरू केलं ते असल्याच गाडीने, हे सगळं वाचून हौसेने पैसे भरले होते हो आम्ही.

मिळालं काय, तर गावातूनच एक चार चाकी छप्परवाली गाडी, समोरासमोर बाकं, रॉस कॅसलपर्यंत नेलं, बाहेरून किल्ला दाखवला आणि तासाभरात परत. बोट नाहीच. टूर मॅनेजर म्हणे खिंडीतला रस्ता बंद आहे. आमच्या गाडीवाल्याला (जार्वी म्हणतात तिथे) विचारलं तर तो म्हणाला खिंडीच्या तोंडाशी असलेल्या केट कर्नीज कॉटेजपासून सकाळपासून घोडे चाललेत की! मग मॅनेजरने सूर बदलला, ग्रुप मोठा आहे, टाइम ॲडजस्ट करावा लागतो. नक्की खरं काय धरायचं आम्ही?

जार्वीबद्दल एक शब्द वाईट बोलणार नाही. पाऊस भुरभुरत होता तर त्याने सासूबाईंच्या गुडघ्यांवर ब्लँकेट घालून कडा नीट खोचून दिल्या, घोडीच्या मागे लीद झेलायची झोळी बांधलेली होती ती कशाला ते पण हसत समजावलं. पण उतरल्यावर कळलं की त्याला तुमच्याकडून दमडी पोचलेली नाही! राइड ‘इन्क्लुडेड’ आणि कॅश आम्ही मोजायची, हा कुठला न्याय?

तर ती कॅश आणि न झालेल्या खिंड-बोटीचे पैसे परत करा, आणि तो फोटो काढून टाका, पुढच्या लोकांना तरी फसवू नका. पावती सोबत जोडली आहे. ‘आम्हाला खेद आहे’ छापाचं उत्तर नको, रक्कम किती आणि कधी जमा होणार तेवढं कळवा.

बुकिंग याच ईमेलवरून केलेला तुमचा ग्राहक