रेडिएशनच्या खोलीतल्या त्या पोरीला

अगं, तुझं नाव इथे टाकत नाही, हॉस्पिटलचंही नाही. डाव्या ब्रेस्टचं रेडिएशन घेणाऱ्या, सारखं खोकणाऱ्या काकू म्हटलं की तुला कळेलच.

आधी एका ठिकाणी गेलो होतो तिथे मी एवढंच विचारलं होतं, डावी बाजू आहे, हार्टला काही होणार नाही ना? डॉक्टर फाईलमधून मान वर न काढता म्हणाले, "आधी कॅन्सरचं बघा, हार्टचं नंतर." झालं, विषय संपला. बरं मी काही खुळ्यासारखं विचारलं नव्हतं. मुलाने नंतर शोधून दाखवलं, स्वीडन-डेन्मार्कच्या दोन हजारांवर बायकांचा अभ्यास २०१३ ला आला होता, हार्टला बसणारा सरासरी डोस एक ग्रेने (ग्रे म्हणजे रेडिएशन मोजायचं माप) वाढला की हार्ट अटॅकसारख्या त्रासाचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढतो, आणि तो पहिल्या पाच वर्षांतच सुरू होतो नि वीस वर्षं तरी पाठ सोडत नाही. मग "नंतर" म्हणजे नक्की कधी हो डॉक्टर?

त्यात नात्यातल्या एकींनी अँटीऑक्सिडंटच्या महागड्या कॅप्सूल गळ्यात मारलेल्या. ती बाटली तुला दाखवली तेव्हा तू हसली नाहीस हे मला फार आवडलं. तू सरळ सांगितलंस, काकू, रेडिएशनने पेशीतलं पाणी फुटतं, त्यातून फ्री रॅडिकल्स म्हणजे पेशीची मोडतोड करणारे कण सुटतात, कॅन्सरची पेशी बऱ्याच अंशी त्यानेच मरते. हार्टमध्ये या कणांना आवरायला कॅटालेज, ग्लुटाथायोन वगैरे शरीराचे स्वतःचे अँटीऑक्सिडंट असतात पण लिव्हरच्या मानाने साठा कमी, आणि हार्टच्या पेशी मेल्या की नवीन जवळजवळ बनत नाहीत. मग मी म्हटलं, तेच तर, म्हणूनच कॅप्सूल! तर म्हणालीस, कॅप्सूलला हार्ट कुठलं आणि गाठ कुठली ते कळत नाही, गाठीलाही वाचवून बसायची, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, आवळा-पेरू खा की खुशाल. हार्टला वाचवायचं तर ते किरणांच्या वाटेतूनच बाजूला करायचं, त्यासाठी दीर्घ श्वास घेऊन धरायचा, छाती फुगली की हार्ट खाली-मागे सरकतं.

आणि मला तेच जमेना. वीसेक सेकंद पण नाही. खोकला यायचा, मशीन थांबायचं, बाहेर लाईन लागलेली, मला रडू फुटलेलं. तेव्हा स्पीकरवर तुझा आवाज आला, "काकू, मी पण धरतेय हां तुमच्याबरोबर, चला." आणि खरंच धरलास गं, कारण "सोडा" म्हणताना तुलाच धाप लागली होती, मला ऐकू आलं ना! त्या जाड दाराच्या आत माणूस अगदी एकटा असतो, तिथे कुणीतरी आपल्याबरोबर श्वास कोंडून बसलंय हे किती मोठं आहे ते तुला नाही कळायचं. मग रोज तू तसंच केलंस, न सांगता.

याचा काही वेगळा पगार मिळत नसणार तुला. लोक म्हणतात पेशंटशी नीट बोलायला टाइम कुठे असतो, अरे हिला किती टाइम लागला, माझ्या एका श्वासाएवढा! अशी साधी, नीट वागणारी माणसं सगळीकडे असतात, रिक्षात, बँकेत, रेशनच्या दुकानात, त्यांच्या जिवावरच आपलं चाललंय, बोर्डावर नाव मात्र भलत्याचंच.

परवा टू-डी इको, म्हणजे हार्टची सोनोग्राफी झाली, नॉर्मल आहे, पुढेही करत राहणार, तू सांगितलंस तसं. फॉलोअपला येताना तिळाच्या वड्या आणतेय, डाएटचं कारण सांगून परत करायच्या नाहीत.