गिटार आणि बास: दोष साधनाचा

महोदय,

गिटार आणि बास (म्हणजे डबल बास, खर्जाचे स्वर देणारं मोठं तंतुवाद्य) या दोनच वाद्यांचं जॅझ पोकळ वाटतं, अशी तक्रार अनेकदा कानी येते. दोष बहुधा ऐकण्याच्या साधनाचा असतो. डबल बासची सर्वात जाड तार 41 हर्ट्झ इतक्या खालच्या स्वराला लावलेली असते, गिटारची 82 ला. मोबाइलचा इवलासा स्पीकर 200 च्या खाली जवळजवळ मुका होतो. मग गिटार एकटी पडते आणि तिनं बाससाठी सोडलेल्या जागा ओसाड वाटतात.

गिटारवादक जिम हॉल आणि बासवादक रॉन कार्टर यांचं न्यूयॉर्कमधलं 1972 चं थेट ध्वनिमुद्रण कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनवर ऐकावं. खालचे स्वर वाढवणारा ‘बास बूस्ट’ बंदच ठेवावा. तो गिटारचा खर्जही फुगवतो आणि दोन्ही वाद्यं एकमेकांत कालवली जातात. स्पीकर असतील तर कोपऱ्यातून दोनेक फूट पुढे ओढावेत, नाहीतर एखाददुसरा स्वर घुमत राहतो आणि बाकीचे दबतात.

ड्रम नसल्यानं लय कार्टर यांच्या बोटांत आहे. पहिल्यांदा फक्त तीच धरून ऐका. मग बास एकटा पुढे आला की हॉल मागे काय वाजवतात तिकडे कान द्या: दोन-तीन स्वर एकत्र छेडलेले तुटक कॉर्ड, आणि मध्ये चक्क शांतता.

— एक श्रोता