भिंतीत नेटवर्कच्या तारेसाठीही नळी हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाशिकमध्ये पाथर्डी फाट्यापासून गंगापूर रोडपर्यंत उंच इमारती उभ्या राहत आहेत. त्यांच्या माहितीपत्रकांत जिम, क्लब हाऊस, सोलर, व्हिडिओ डोअर फोन अशी सुविधांची लांबलचक यादी असते. पण घरातल्या एका खोलीतला संगणक दुसऱ्या खोलीतल्या संगणकाशी तारेने जोडण्याची सोय त्या यादीत क्वचितच सापडते. हॉलमध्ये टीव्हीच्या मागे एक पॉइंट दिला जातो, इंटरनेटवाला आपली पेटी तिथेच लटकावून जातो आणि पुढचे सगळे घरमालकाने वाय-फायच्या भरवशावर सोडायचे असते.

मी करसल्लागार असून घरातल्या मागच्या बेडरूममध्ये माझे कार्यालय आहे. हिशेबाचा डेटा माझ्या संगणकावर असतो आणि पत्नी व एक सहायक आपापल्या संगणकांवरून त्याच डेटात नोंदी करतात. शिवाय मुलगा पुण्यातल्या कंपनीचे काम घरूनच करतो आणि प्रिंटर सगळ्यांत मिळून एक. या संगणकांचे आपसातले दळणवळण घराबाहेर जातच नाही, त्यामुळे इंटरनेट बंद पडले तरी ते चालायला हवे. प्रत्यक्षात वाय-फाय क्षणभर तुटले की नोंद अर्धवट राहायची आणि फाईल दुरुस्त करत बसावे लागायचे, तेही नेमके जीएसटीची २० तारीख तोंडावर आलेली असताना. आम्ही इंटरनेट कंपनीला बोल लावत राहिलो आणि दोनदा महागडा प्लॅन घेतला. दोष आमच्याच भिंतींत होता.

५ गिगाहर्ट्झचा सिग्नल वेगवान असतो, पण सळयांच्या काँक्रीटच्या भिंतीपुढे तो लवकर दमतो. २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल पलीकडे पोचतो खरा, परंतु तिथे एकमेकांत न मिसळणारी चॅनेल फक्त तीन आहेत, १, ६ आणि ११, आणि त्यांवर इमारतीतल्या सगळ्या शेजाऱ्यांचे राउटर दाटीवाटीने बसलेले असतात. (पंचवटीतल्या मामांच्या जुन्या वाड्यात मात्र लाकडी तक्तपोशीतून वाय-फाय निमूट माडीवर पोचते, हे पाहून मला दर वेळी हेवा वाटतो.) मधल्या खोलीत लावायला एक्स्टेंडर आणला, तर तोच संदेश ऐकायचा आणि त्याच चॅनेलवर पुन्हा बोलून दाखवायचा या खटाटोपात त्याचा वेग जवळजवळ निम्म्यावर आला. मग दुसरा राउटर आणला. तो दुकानदाराच्या सांगण्यावरून 'इंटरनेट' लिहिलेल्या पोर्टात जोडला, तेव्हा घरात दोन वेगळी नेटवर्क तयार झाली आणि मुलाच्या संगणकाला प्रिंटर दिसेनासा झाला. दुसऱ्या राउटरमधले डीएचसीपी (जोडलेल्या यंत्रांना नेटवर्कचे पत्ते वाटणारी सोय) बंद करून आणि तार त्याच्या लॅन पोर्टात, म्हणजे घरातल्या जोडणीसाठीच्या खाचेत, घालून हा प्रश्न पाच मिनिटांत सुटला. तो उपाय कळायला दोन महिने गेले, हा भाग वेगळा.

पण दुसरा राउटर लावायचा तर तिथपर्यंत तार न्यावीच लागते, आणि खरी अडचण इथे सुरू होते. आमच्या इलेक्ट्रिशियनने "साहेब, लाइटच्याच पाइपातून ओढून देतो" असे सुचवले. विजेच्या तारेसोबत एकाच नळीतून नेटवर्कची तार नेणे सिग्नलच्या दृष्टीने वाईट आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने त्याहून वाईट असल्यामुळे मी नकार दिला. मग तार बाथरूमच्या डक्टमधून, इमारतीच्या बाहेरून फिरवली. दोन उन्हाळ्यांत तिचे आवरण तडकले आणि वळवाच्या पहिल्या गडगडाटात नेटवर्क स्विचचे (सगळ्या तारा एकत्र जोडणाऱ्या पेटीचे) दोन पोर्ट गेले. अखेर हॉलपासून मागच्या खोलीपर्यंत भिंतीवरून केसिंग-पट्टी मारून काम उरकले. नव्याने रंगवलेल्या भिंतीवर ती पट्टी पाहून पत्नीने काय म्हटले ते येथे लिहीत नाही.

तार टाकल्यावरही १२ जीबीचा एक फोल्डर एका संगणकावरून दुसऱ्यावर जायला सतरा-अठरा मिनिटे लागत होती. वेग सेकंदाला १०० मेगाबिटवर अडकलेला दिसत होता. या तारेत आठ बारीक तारांच्या चार जोड्या असतात. १०० मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला, म्हणजे १००० मेगाबिटला, चारही लागतात. भिंग लावून पाहिले तर कनेक्टरमधली तपकिरी तार टोकापर्यंत पोचलीच नव्हती. कनेक्टर कापून पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी अशा क्रमाने तारा लावून नवा कनेक्टर दाबून बसवला (क्रिंप केला), आणि तोच फोल्डर दोन मिनिटांच्या आत गेला. तार विकत घेताना तिचे टोक ब्लेडने खरवडून पाहावे, हेही या निमित्ताने सांगतो. आत पांढरट धातू दिसला तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार आहे. ती स्वस्त मिळते, पण चटकन तुटते आणि लांब अंतराला दगा देते.

ही सारी यातायात २५ मिलिमीटरच्या एका पीव्हीसी पाइपाने वाचली असती. त्यातून कॅट-सिक्स या प्रकारच्या नेटवर्क तारा तीन-चार सहज जातात. ही तार ५५ मीटरपर्यंत सेकंदाला १० गिगाबिट वाहून नेऊ शकते आणि आपल्या फ्लॅटमधली अंतरे त्याच्या निम्मीही नसतात, म्हणजे एकदा केलेले काम पुष्कळ वर्षे पुरेल. नव्या टॉवरांत तर हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. तिथे ॲल्युमिनियमचे साचे (शटरिंग) लावून सगळ्या भिंती काँक्रीटच्याच ओततात. विटांच्या भिंतीत नळीसाठी नंतर झिरी (खाच) मारता येत असे. या भिंतींत ती मारू नये असे बांधकाम करणारेच बजावतात. म्हणजे नळी ओतकामाआधी सळयांवर बांधली नाही, तर ती कायमची राहून गेली.

राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ च्या आठव्या भागात माहिती व दळणवळणाच्या जोडणीसाठी स्वतंत्र विभाग आहे, आणि ट्राय या दूरसंचार नियामक प्राधिकरणानेही ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीचे मानांकन देण्यासंबंधीचे विनियम अधिसूचित केले आहेत. कागदावर विचार झालेला आहे. तो खोलीतल्या भिंतीपर्यंत यावा एवढेच मागणे आहे. महापालिकेच्या नगररचना विभागाने विजेच्या नळ्यांबरोबर या नळीचाही आग्रह धरावा. बांधकाम व्यावसायिकांनी प्रत्येक खोलीत एक पॉइंट आणि ते सारे एकत्र येतील असा, विजेचा सॉकेट असलेला एक छोटा बॉक्स द्यावा, आणि महारेराच्या नमुन्यातील विक्री करारात सुविधांचे जे परिशिष्ट असते त्यात त्याचा उल्लेख करावा. तारा नाही ओढल्या तरी चालेल. रिकामी नळी आणि आत एक ओढदोरी एवढे पुरे.

जुन्या इमारतींत राहणाऱ्यांनाही एक मार्ग आहे, तो मला फार उशिरा समजला. सिडको, इंदिरानगर भागातल्या अनेक घरांत लँडलाइनची किंवा केबल टीव्हीची नळी भिंतीत असते आणि आतली तार कित्येक वर्षे मुकी पडून असते. त्या जुन्या तारेच्या टोकाला नवी तार टेपने घट्ट बांधून दुसऱ्या बाजूने हळूहळू ओढली की भिंत न फोडता काम होते. मध्ये काटकोनी वळण असेल तर तार अडकते, तेव्हा जोर न लावता इलेक्ट्रिशियनकडची स्प्रिंग वापरावी.

ज्यांनी सध्या फ्लॅट बुक केला आहे, त्यांनी आपल्या मजल्याचा स्लॅब आणि भिंती ओतण्याआधी एकदा साइटवर जावे, टेबल कुठे येणार ते नकाशावर खुणा करून द्यावे आणि नळ्या बांधून झाल्या की मोबाइलवर त्यांचे फोटो काढून ठेवावेत. भिंती ओतून झाल्यावर कोणती नळी कुठून गेली हे ती बांधणाऱ्यालाही आठवत नाही.

आपला,
एक करसल्लागार वाचक,
इंदिरानगर, नाशिक