दारावर कंपनीचं नाव, प्लेट माझ्या नावावर

इंडियानापोलिस, अमेरिका

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

ट्रकचा फोटो पाहिल्यापासून बाबांना एकच घोर लागलाय, दारावर दुसऱ्याचं नाव असेल तर गाडी नक्की कुणाची? फोनवर धड सांगता येत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

बाबा, गाडी माझीच आहे. तिचं टायटल, म्हणजे मालकीचा कागद, माझ्या नावावर आहे. त्यावर बँकेचा बोजा आहे, तो हप्ते फिटले की उतरेल. तुम्ही मिरजेच्या ट्रान्सपोर्टला गाडी लावायचात, तशीच मी ती इथल्या कंपनीला लावलीय. दुसऱ्याचा माल भाड्याने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायचा तर इथे केंद्र सरकारची ऑथॉरिटी, म्हणजे परवाना, लागतो. माझी गाडी कंपनीच्या ऑथॉरिटीवर चालते. अपघातात दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्यासाठी किमान साडेसात लाख डॉलरचा विमा लागतो, तोही कंपनीचाच. म्हणून कंपनीचं नाव आणि यूएसडॉट नंबर, म्हणजे इथल्या परिवहन खात्याने कंपनीला दिलेला नंबर, दोन्ही दारांवर ५० फुटांवरून वाचता येईल असा लिहावाच लागतो. करार संपला की तो काढून टाकायचा.

करारात एक वाक्य आहे, ते वाचून तुमच्या कपाळावर आठ्या पडतील: कराराच्या मुदतीत गाडीचा ताबा, नियंत्रण आणि वापर सर्वस्वी कंपनीकडे. पण हे कलम कायद्यानेच घालायला लावलंय. उद्या अपघात झाला तर कंपनीने ‘गाडी आमची नव्हे’ म्हणून हात झटकू नयेत, यासाठी ते आहे. मालकी त्याने जात नाही.

खरं डोकं लावायचं ते नंबर प्लेटच्या बाबतीत. पूर्वी तुम्हाला नॅशनल परमिटसाठी राज्याराज्याचे वेगळे पैसे भरावे लागत, मग २०१० साली सगळ्या देशाचे मिळून वर्षाला एकदाच १५,००० रुपये झाले. इथे प्लेटच तशी मिळते. तिला अपोर्शन्ड प्लेट म्हणतात. एका प्लेटवर ४८ राज्यं आणि कॅनडाचे १० प्रांत चालतात. आदल्या वर्षी कुठल्या राज्यात किती मैल गाडी चालली, त्या प्रमाणात फी ठरते. पैसे मी माझ्या इंडियाना राज्यालाच भरतो, बाकीच्या राज्यांचा वाटा ते पोचवतात. सोबत कॅब कार्ड, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद, मिळतं, त्यावर प्रत्येक राज्यासमोर मंजूर वजन छापलेलं असतं. माझ्या कार्डावर ८०,००० पौंड आहे, म्हणजे मालासकट साधारण ३६ टन.

कंपनी म्हणाली, प्लेट आमच्या नावावर घे, दर आठवड्याच्या हिशेबातून थोडे थोडे कापून घेऊ. सुरुवातीला एकरकमी पैसे काढणं जड जातं, म्हणून पुष्कळ जण हो म्हणतात. मी नाही म्हटलं. आमच्या यार्डातल्या एका पंजाबी ड्रायव्हरने ऐन थंडीत आधीची कंपनी सोडली. प्लेट त्या कंपनीच्या नावावर, ती त्याच दिवशी काढून द्यावी लागली. नवी प्लेट येईपर्यंत गाडी बर्फात उभी आणि बँकेचा हप्ता चालूच. प्लेटचे पैसे परत मिळायचे असतील तर ते करारात लिहिलेलं असावं लागतं, पण ते पैसे मागाहून येतात. उभ्या गाडीला भाडं कोण देणार, हे मी तुम्हाला काय सांगू! माझी प्लेट माझ्या नावावर आहे. उद्या दुसरीकडे गाडी लावली तर कार्डावर कंपनीचा नंबर तेवढा बदलून घ्यायचा.

त्यापायी जड गाड्यांचा कर मलाच भरावा लागतो. एवढ्या वजनाला वर्षाचे ५५० डॉलर, वर्ष जुलै ते जून, मुदत ३१ ऑगस्ट. त्याची शिक्क्याची पावती दाखवल्याशिवाय प्लेटचं नूतनीकरण होत नाही.

डिझेलवरच्या कराचं कंपनी बघते. केबिनच्या दोन्ही बाजूंना त्याचे स्टिकर लावलेत, एकेक. कुठल्याही राज्यात डिझेल भरा, कर मात्र जिथे ते जाळलं त्या राज्याला जातो. तिमाहीला हिशेब द्यायचा असतो, त्यामुळे मी पंपाची एकही पावती टाकत नाही. केंटकी, न्यू मेक्सिको, न्यू यॉर्क आणि ओरेगनचे मैलावरचे कर वेगळे. ते कंपनीच्या खात्यावरून जातात, पण शेवटी कुणाच्या खिशातून, हे करारात स्पष्ट लिहून घेतलंय.

आई, तुझा प्रश्न पैसे बुडण्याचा. माल पोचवल्याचे कागद दिले की १५ दिवसांत पैसे द्यावेत, असा नियम आहे. अनामत म्हणून कापलेली रक्कम करार संपल्यावर ४५ दिवसांत परत करावी लागते, आणि त्यातून काय वजा केलं त्याचा हिशेबही द्यावा लागतो. तेव्हा तू निवांत राहा.

बाबा, स्वतःची ऑथॉरिटी का काढत नाहीस, असं तुम्ही विचारणार. नव्या माणसाला विमा फार महाग पडतो. आधी बँकेचा बोजा हलका होऊ दे.

कराराची प्रत गाडीत ठेवावी लागते. तिचे फोटो काढून दादाच्या व्हॉट्सॲपवर पाठवतोय. कपातीचं पान आधी बघा. दादाला मराठीत समजावून सांगायला लावा, आणि एखादी रक्कम कशाची ते कळलं नाही तर रविवारी फोनवर विचारा.

तुमचा,
धाकटा