‘बेअर’च्या नोंदवह्या उतरवून देणाऱ्यांस

‘ओल्ड वेदर’ या, जुन्या जहाजी नोंदींतून हवामानाची माहिती गोळा करणाऱ्या प्रकल्पात अमेरिकी जकात-जहाजांच्या नोंदवह्या उतरवून काढणाऱ्या मंडळींस,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुमची नावे आम्हाला ठाऊक नाहीत. पत्र मराठीत आहे, त्यामुळे तुमच्यापैकी बहुतेकांना ते वाचताही येणार नाही. तरी उघड पत्रच लिहायचे ठरवले, कारण अलास्काच्या समुद्रात ‘बेअर’ हे जकात-जहाज चालवणाऱ्या कप्तान मायकेल हीली या माणसाचा अभ्यास करणारा प्रत्येक जण तुमच्या श्रमावर जगतो आणि तसे बोलून दाखवणारे फार थोडे.

आमच्याकडे इतिहासात एक जुना भेद आहे : बखर वेगळी, दफ्तर वेगळे. बखर रंगते. दफ्तर कंटाळवाणे असते, पण तंटा तुटतो तो दफ्तरातल्या एखाद्या मळक्या चिठ्ठीवर. हीलीची बखर भरपूर झाली आहे. दारूबाज, आरडाओरडा करणारा, बर्फातून जहाज काढण्यात उस्ताद, अलास्काचा एकट्याचा कायदा, असे त्याचे वर्णन वाचायला मिळते. तुम्ही आमच्या हाती दफ्तर दिलेत.

मराठी वाचकांसाठी त्याची ओळख थोडक्यात. जन्म २२ सप्टेंबर १८३९, अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात मेकन गावाजवळ. बाप आयरिश मळेवाला, आई इलायझा त्याच मळ्यावरची गुलाम. त्या कायद्याने त्यांचे लग्न लग्न नव्हते आणि मुले जन्मतः गुलाम, म्हणजे बापाच्याच मालमत्तेत जमा. म्हणून मुलांना गुलामगिरी नसलेल्या उत्तरेत शिकायला पाठवले गेले. एक भाऊ, जेम्स, पुढे पोर्टलंडचा बिशप झाला. दुसरा, पॅट्रिक, जॉर्जटाउन विद्यापीठाचा अध्यक्ष. मायकेलला मात्र धर्मशिक्षण मानवले नाही. शाळेतून पळून तो १८५५ च्या सुमारास हिंदुस्थानच्या व्यापारातल्या ‘जम्ना’ नावाच्या क्लिपर जहाजावर पोऱ्या म्हणून चढला. (नाव आपल्या यमुनेचेच, इंग्रजी तोंडात सापडलेले.) मार्च १८६५ मध्ये लिंकनच्या सहीने त्याला जकात-जहाजांच्या दलात थर्ड लेफ्टनंटची सनद मिळाली. १८८३ मध्ये तो कप्तान झाला. आधी ‘कॉर्विन’, मग १८८६ पासून १८९५ पर्यंत ‘बेअर’.

हे दल नौदलाचे नव्हे, हे आधी लक्षात घ्यावे लागते. अर्थमंत्री हॅमिल्टनच्या पुढाकाराने १७९० मध्ये उभे राहिले ते अर्थखात्याखाली, जकातचोरी पकडण्यासाठी. हीलीला शोधायला निघालेला नवखा माणूस बहुधा पहिली ठेच इथेच खातो : नौदलाच्या अधिकाऱ्यांच्या याद्या चाळतो आणि हात हलवत परत येतो. दुसरी ठेच नावाची. हीलीच्या उमेदीच्या काळात त्याला ‘रेव्हेन्यू मरीन’ म्हणत, ‘रेव्हेन्यू कटर सर्व्हिस’ हे नाव १८९४ मध्ये अधिकृत झाले, आणि १९१५ मध्ये ते जीवरक्षक दलाशी जोडून ‘कोस्ट गार्ड’ बनले. कागद आज राष्ट्रीय अभिलेखागारात कोस्ट गार्डच्या गटात, रेकॉर्ड ग्रुप २६ मध्ये आहेत. तिन्ही नावे घालून शोधले नाही तर निम्मे दफ्तर निसटते. अलास्कासंबंधीचा पत्रव्यवहार ‘अलास्का फाइल’ या नावाने मायक्रोफिल्मच्या २० रिळांवर उतरवलेला आहे, १८६७ ते १९१४ चा. पण पत्रे म्हणजे वरिष्ठांना सांगितलेली हकिकत. जहाजावर त्या दिवशी घडले काय, हे पाहायला नोंदवहीच हवी.

आणि नोंदवही वाचणे किती किचकट, हे तुम्हाला सांगायला नको; इतरांना सांगायला हवे.

वायुभाराचाच रकाना घ्या. आकडा इंचात, दोन दशांशांपर्यंत. शाईचा ३ आणि ८ एकमेकांत मिसळतात. २९.८६ चे २९.३६ वाचले गेले की अर्धा इंच पारा खाली आला, म्हणजे आजच्या मापात सतरा मिलीबार, आणि शांत दिवशी कागदावर वादळ उठले. अशा वेळी एकट्या आकड्याकडे बघून भागत नाही. वरच्या-खालच्या ओळी आणि वाऱ्याची ताकद यांच्याशी ताडून पाहावे लागते. पारा एकदम अर्धा इंच पडला आणि वारा मात्र बारापैकी ताकद २ वरच, असे होत नाही. शेजारच्या रकान्यात ‘जोडलेला’ तापमापक. तो बाहेरच्या हवेचा नाही, पारा ज्या खोलीत टांगला आहे तिथला. बाहेर गोठणबिंदू आणि आत शेगडी, तेव्हा दोन आकड्यांत वीस-पंचवीस अंश फारेनहाइटचा फरक सहज पडतो. हा रकाना कशाला, असे वाटून तो गाळला तर घात होतो, कारण उबेने पारा फुगतो आणि भार आहे त्याहून जास्त दिसतो. खोलीत ६० अंश फारेनहाइट असतील तर ३० इंचांतून सुमारे ०.०८५ इंच वजा करावे लागतात, म्हणजे जवळपास तीन मिलीबार. तुम्ही हा निरुपयोगी दिसणारा आकडा इमानाने उतरवलात म्हणूनच ही वजाबाकी आज करता येते.

हवा कशी आहे हे एकेका अक्षराने लिहीत; ती अक्षरे तर मोडीची आठवण करून देणारी. पूर्ण झाकोळलेल्या आभाळाला ‘ओ’, सुट्या ढगांना ‘सी’. घाईत लिहिलेल्या ‘ओ’चे तोंड किंचित उघडे राहिले की त्याचा ‘सी’ होतो आणि आभाळ फाटते. त्या काळच्या अमेरिकी जहाजी वह्यांत काही ठिकाणी ढग किती हे न लिहिता आभाळ मोकळे किती ते दहांशांत लिहीत. आजच्या सवयीने वाचणाऱ्याचे सगळे चित्र तिथे उलटे होते. वाऱ्याची दिशा होकायंत्राची की खरी, हाही एक प्रश्न. सॅन फ्रान्सिस्कोपाशी त्या काळी होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेच्या पूर्वेला सोळा-सतरा अंश ढळलेली असे, आणि जहाज अलास्काच्या उत्तर किनाऱ्याकडे चढत गेले की हा ढळ आणखी वाढे. दुरुस्ती केली नाही तर वारा होकायंत्राच्या बत्तीस घरांपैकी एक-दोन घरांनी किंवा त्याहूनही अधिक सरकतो.

बर्फाला वेगळा रकाना नसे. तो सापडतो शेऱ्यांत, आणि शेरे म्हणजे सर्वांत गचाळ अक्षर. पहाटेच्या पाळीवर बोटे आखडलेला अधिकारी कुठे सुटे तुकडे दिसले, कुठे पट्टा लागला, केव्हा यंत्र थांबवले, नांगर किती वावांवर टाकला हे चार ओळींत खरडतो. तुम्ही रकाने उतरवून थांबला असता तरी कोणी नाव ठेवले नसते; शेऱ्यांतली बर्फाची, जहाजांची, गावांची नोंदही वेचलीत. हवामानवाल्यांना त्यातून एकोणिसाव्या शतकातल्या आर्क्टिक बर्फाची कड आखता येते. आम्हाला त्यातून माणूस दिसतो.

एक खुलासा इथे करायला हवा, कारण तुमच्या कामाचा आधार घेणारेच तो विसरतात. नोंदवही हीलीने लिहिलेली नाही. ती लिहितो पाळीवरचा लेफ्टनंट. म्हणून वहीतले वाक्य ‘हीली म्हणतो’ असे उद्धृत करणे चूक. हीलीचा आवाज दोन ठिकाणी आहे : अर्थखात्याला गेलेल्या पत्रांत आणि अहवालांत, तो इस्त्री केलेला, आणि कॅलिफोर्नियात सॅन मरिनोच्या हंटिंग्टन ग्रंथालयात असलेल्या खासगी रोजनिशीत, तो मोकळा. तिथेच त्याची बायको मेरी जेन हिचीही रोजनिशी आहे. काही सफरींत ती जहाजावर होती, त्यामुळे त्याच डेकवरचे चौथे डोळे मिळतात. एखादा दिवस समजून घ्यायचा तर वही, पत्र आणि रोजनिशी शेजारी शेजारी मांडावीत, आणि सुरुवात वहीपासून करावी. तिथे जागा आणि वेळ पक्की होते. बाकीचे त्यावर टांगता येते. गावांची नावे जुन्या वळणाने येतात, आजचे कोबुक तेव्हा कोवाक, उनालास्काच्या आधी इंग्रजीत एक ‘ओ’ जास्त. जहाज सायबेरियाच्या किनाऱ्याला लागले असेल तर तारीख वाररेषेच्या (जिथे दिवस बदलतो) कोणत्या बाजूची, तेही बघून घ्यावे. छापील अहवालांचीही एक गंमत आहे : ‘कॉर्विन’च्या १८८५ च्या सफरीचा अहवाल १८८७ मध्ये छापला गेला आणि आदल्या वर्षीचा, १८८४ चा, १८८९ मध्ये. प्रकाशनवर्षावरून क्रम लावणारा हमखास फसतो.

वहीने बखरीतल्या दोन गोष्टी तर मुळासकट उपटल्या. १८८४ मध्ये आर्क्टिकमध्ये अडकलेल्या ग्रीलीच्या उपाशी शोधतुकडीला सोडवायला ‘बेअर’ गेली हे खरे, पण तेव्हा ती नौदलाकडे होती आणि हीली ‘कॉर्विन’वर, खंडाच्या दुसऱ्या टोकाला. १८९७-९८ च्या हिवाळ्यात अडकलेल्या देवमासे-शिकाऱ्यांसाठी अलास्काच्या उत्तर टोकाला, पॉइंट बॅरोपर्यंत रेनडिअर हाकत नेले तेही ‘बेअर’च्याच अधिकाऱ्यांनी, जार्व्हिस, बर्थॉल्फ आणि डॉक्टर कॉल यांनी, कप्तान होता टटल. हीली त्या वेळी निलंबित होता. जहाज एकच म्हणून श्रेयही एकाच्याच खात्यावर चढवायची सवय लोकांना फार.

त्याचे स्वतःचे श्रेय काही कमी नाही. १८८८ च्या वादळात पॉइंट बॅरोपाशी शिकारी जहाजे फुटली तेव्हा सुमारे १६० दर्यावर्दी त्याने वाचवले. रेनडिअरची कल्पनाही आधी त्याने आणि शेल्डन जॅक्सन या मिशनऱ्याने उचलून धरली : देवमासे आणि वॉलरस शिकाऱ्यांनी संपवत आणलेले, किनाऱ्यावरचे एस्किमो उपाशी, समोरच्या सायबेरियात मात्र चुकची लोकांचे कळपच्या कळप. सरकारने पैसा दिला नाही, म्हणून जॅक्सनने वर्गणीतून २,१४६ डॉलर जमवले. चुकचींना नाण्यांचा उपयोग नव्हता, तेव्हा त्या पैशांचा माल घेऊन अदलाबदल करावी लागली. १८९१ मध्ये हाती लागले अवघे १६ प्राणी. ते उनालास्का बेटावर उतरवून पाहिले, जहाजाचा प्रवास त्यांना सोसतो की नाही. सोसला. पुढच्या वर्षी १७१ प्राणी अलास्काच्या मुख्य भूमीवर पोर्ट क्लॅरन्सला उतरले आणि कळप उभा राहिला. जकात गोळा करणाऱ्या खात्याचे जहाज गुरे वाहते आहे हे चित्र आम्हाला फार आवडते. धनी अर्थखाते, हुकूम दारू आणि बंदुकांची चोरटी विक्री व सीलची चोरटी शिकार थांबवण्याचा, आणि डेकवर चारा.

काळी बाजूही त्याच दफ्तरात आहे आणि ती झाकू नये. १८९० मध्ये त्याच्यावर पहिली चौकशी बसली. आरोप दारूचा, आणि एका शिकारी जहाजावरच्या खलाशांना ‘ट्राइसिंग’ची शिक्षा दिल्याचा : हात पाठीमागे बांधून दोरीने वर ओढायचे, पायाची बोटे डेकला जेमतेम टेकतील इतके. त्यातून तो सुटला. १८९६ मध्ये त्याच्याच अधिकाऱ्यांच्या तक्रारीवरून खटला झाला, त्यात दोषी ठरला. चार वर्षे निलंबन, ज्येष्ठतेच्या यादीत तळाला. पुढे त्याला पुन्हा जहाज मिळाले, १९०३ मध्ये तो निवृत्त झाला आणि ३० ऑगस्ट १९०४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत वारला. त्याचे भक्त म्हणतात कट होता, टीकाकार म्हणतात दारूडा होता. आमचे मत असे की दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते, आणि जो अधिकारी वही लिहितो तोच उद्याचा साक्षीदार आहे हे ध्यानात ठेवून त्या वर्षांची पाने वाचावीत. वहीत न लिहिलेले म्हणजे न घडलेले, असे मात्र कोणी समजू नये.

न लिहिलेली सर्वांत मोठी गोष्ट तर कुठल्याच कागदात नाही. आपली आई गुलाम होती हे हीलीने हयातभर चारचौघांत उघड केले नाही. दलाच्या लेखी तो गोरा आयरिश कॅथलिक. आज त्याच्या नावाचे बर्फफोडे जहाज कोस्ट गार्डकडे आहे आणि त्याची ओळख पहिला कृष्णवर्णीय कप्तान अशी करून दिली जाते. हे त्याला रुचले असते का, याचा जबाब दफ्तर देत नाही.

तुमच्यात एक रीत आहे असे वाचले : ज्याने एका जहाजाची पाने सर्वांत जास्त उतरवली, तो त्या जहाजाचा ‘कप्तान’. हीलीला सनद मिळाल्यापासून तिथे पोचायला अठरा वर्षे लागली. तुमच्यातल्या ज्यांनी ‘बेअर’वर ती पायरी गाठली, आणि ज्यांनी पाच-दहाच पाने उतरवून मग सोडून दिले, त्या दोघांचेही आभार. त्या पाच-दहा पानांतही कोणाचा तरी एखादा दिवस आहे, वाऱ्यासकट.

एक विनंती. अक्षर लागले नाही तिथे तुम्ही प्रश्नचिन्ह टाकून पुढे गेलात, अंदाजाने शब्द भरला नाहीत. यापुढेही असेच करावे. आमच्या कामात खोट्या खात्रीपेक्षा ते प्रश्नचिन्ह कितीतरी उपयोगी पडते. मूळ पान कुठे उघडायचे ते तेच सांगते.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपले ऋणी,
जुन्या जहाजी कागदांचे काही मराठी वाचक