वकीलताई, तुम्ही मला विचारलेल्या प्रश्नाबद्दल

आदरणीय वकीलताई,
सप्रेम नमस्कार.

वडिलोपार्जित जमिनीच्या हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊन आम्ही भावंडे तुमच्याकडे आलो, तेव्हा भावांना त्यावरून तुमची फक्त नजर फिरवून हवी होती. तुम्ही तो सगळा वाचलात, ‘स्वखुशीने व कोणाच्याही दबावाखाली न येता’ या ओळीवर बोट ठेवलेत आणि भावांकडे न पाहता मला विचारलेत, “हे खरं आहे का?” जमिनीच्या बाबतीत मला माझे मत विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच, म्हणून हे जाहीर आभार.

मला कोणी धमकावले नव्हते. ‘भाऊ आहेत म्हणून माहेर आहे’, ‘तुझ्या लग्नात खर्च झालाच की’, ही वाक्ये लहानपणापासून इतक्या मायेने कानावर पडतात की सही करणे हा चांगुलपणा वाटतो आणि न करणे हावरटपणा. पुरुषसत्ता आमच्या घरात अशीच गोड बोलून नांदत आली आहे. तुम्ही भावांचा जराही अपमान न करता एवढेच विचारलेत, की त्यांनी आपला हिस्सा बहिणींच्या नावे करून दिला तर नाते टिकेल ना. त्यावर कोणाकडेच उत्तर नव्हते.

थोरल्या बहिणीसाठी तर तुम्ही कायद्याची उजळणीच केलीत. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना सहदायिक, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतःच मुलांसारख्या वाटेकरी, मानले, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून; त्यामुळे आपला काही हक्कच नाही, असे ती धरून चालली होती. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीत ती लग्नाची अट उरली नाही, आणि वडील त्याआधी वारले असले तरी मुलीचा जन्मसिद्ध हक्क बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केले, असे तुम्ही तिला सावकाश समजावलेत. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर नोंदवलेली वाटणी असती तर गोष्ट वेगळी ठरली असती, हेही लपवले नाहीत. सातबाऱ्यावर भाऊ कब्जेदार, म्हणजे जमिनीचे धारक, आणि आम्ही दोघी मात्र ‘इतर हक्क’च्या रकान्यात, हे तुम्ही दाखवेपर्यंत आमच्यापैकी कोणाला खटकलेही नव्हते.

स्त्रीवाद म्हणजे घरे फोडणे, असे आमच्या नात्यागोत्यात सर्रास बोलले जाते. त्यांनी तुम्हाला त्या दिवशी ऐकायला हवे होते. प्रेमापोटी हिस्सा सोडणाऱ्या बहिणीला तुम्ही नावे ठेवली नाहीत. सोडण्याआधी तो तिला मिळालेला असावा आणि निर्णय तिचा असावा, एवढाच तुमचा आग्रह होता. मी सही केली नाही. धाकट्या भावाने ते मान्य केले, थोरला अजून बोलत नाही, आणि त्याचे मला मनापासून दुःख आहे. तरीही निर्णय बदलावा असे वाटत नाही.

पुढच्या आठवड्यात थोरल्या बहिणीला घेऊन येत आहे, कारण फेरफाराचा, म्हणजे सातबाऱ्यावरची नोंद बदलण्याचा, अर्ज तिला स्वतः वाचून, समजून द्यायचा आहे. वहिनीनेही तिच्या माहेरच्या जमिनीचा उतारा माझ्याकडे दिला आहे. तोही आपण वेळ काढून पाहावा, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
एक अशील